ग्राहकाची ती पाटी खरंच गांधीजींची आहे का?

वडाचीसावली

नमस्कार मंडळी. जरा मदत हवीये आणि लवकर हवीये, कारण पेंटर खोळंबलाय.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत आहे, कॅशला बसतो. आमची नवीन शाखा सुरू होतेय आणि मिटिंगमध्ये ठरलं की काउंटरच्या मागच्या भिंतीवर ती ग्राहकाची पाटी लावायची. कुठली ते सांगायला नको, तुम्ही सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या रांगेत उभं असताना वाचलेली असणार. "ग्राहक हा आमच्या आवारात येणारा सर्वात महत्त्वाचा अभ्यागत आहे. तो आमच्यावर अवलंबून नाही, आम्ही त्याच्यावर अवलंबून आहोत. तो आमच्या कामातला व्यत्यय नाही, तो आमच्या कामाचे प्रयोजन आहे. तो परका नाही, तो आमच्या व्यवसायाचाच भाग आहे. त्याची सेवा करून आम्ही त्याच्यावर उपकार करत नाही, ती संधी देऊन तोच आमच्यावर उपकार करतो." आणि खाली महात्मा गांधी.

मजकूर घेऊन पेंटरकडे गेलो तर तो म्हणाला, सालपण टाकू का, परवा एका दुकानाला करून दिली त्यात होतं. मोबाईलमधला फोटो दाखवला. खाली लिहिलेलं, महात्मा गांधी, दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०. मी हो म्हणून घरी आलो, जेवताना सहज विषय निघाला तर मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते ती म्हणाली बाबा, गांधीजी आफ्रिकेला १८९३ ला गेले, हा प्रश्न येतो आम्हाला. घास हातातच राहिला. रात्रीच पेंटरला फोन करून थांब म्हटलं.

आता साल चुकीचं आहे की वाक्यच गांधीजींचं नाही? कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. अंदाज नको, कारण ही पाटी पुढची वीस-पंचवीस वर्षं तिथे राहणार आहे आणि तिच्याखाली मी बसणार आहे.

मधुरा_नाशिक

मी ज्युनिअर कॉलेजला वाणिज्य शिकवते. ग्राहक संरक्षणाचा धडा सुरू करताना हेच वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय, गांधीजींच्या नावासकट. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो, १९८६ च्या कायद्याला त्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणून, त्या दिवशीच्या भाषणात निदान तीन पाहुणे तरी हे म्हणतातच. कुठून आलं हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही याचं आत्ता फार वाईट वाटतंय. शोधते मी पण.

घाटमाथा

दादा, मनापासून विचारतोय, वाद घालायचा म्हणून नाही. वाक्य चांगलं आहे ना? ते वाचून एखादा क्लार्क म्हाताऱ्या माणसाशी नीट बोलला तर काम झालं. कुणी म्हटलं याने त्या म्हाताऱ्याला काय फरक पडतो?

जुनी_पानं

वडाचीसावली, तुमच्या मुलीचं बरोबर आहे. मी ३१ वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली बरीचशी संदर्भ विभागात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साल. गांधीजी सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून बोटीने विलायतेला निघाले, जून १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले आणि लगेच परतीच्या बोटीवर चढले. म्हणजे १८९० चं अख्खं वर्ष ते लंडनमध्ये विद्यार्थी होते. आफ्रिकेला गेले ते १८९३ साली, दादा अब्दुल्लांच्या पेढीच्या खटल्यासाठी, मे महिन्यात दरबानला उतरले. तेव्हा '१८९०, दक्षिण आफ्रिका' हे जुळूच शकत नाही.

पण साल चुकलं म्हणजे वाक्य खोटं असं लगेच म्हणता येत नाही. साल नंतर कुणीतरी चिकटवलेलं असू शकतं. म्हणून दुसरी पायरी, गांधीजींचं समग्र वाङ्मय. भारत सरकारने १९५६ ला हे काम हातात घेतलं आणि १९९४ ला पुरं केलं, इंग्रजीत १०० खंड आहेत. पत्रं, तारा, भाषणं, लेख, प्रार्थनासभेतलं बोलणं, मौनवारी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलेली उत्तरंसुद्धा. हे सगळं आता साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर घरबसल्या बघता येतं. एक सावधगिरी, सीडीवर जी नंतरची आवृत्ती आली तिच्यात खंडांची मांडणी बदललेली होती, अभ्यासकांनी तिच्यावर फार आक्षेप घेतले आणि शेवटी सरकारला ती सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली. त्यामुळे कुणी 'अमुक खंड तमुक पान' सांगितलं तर आधी विचारायचं, कुठल्या आवृत्तीचं. जुनी १०० खंडांची धरायची.

हे ग्राहकाचं वाक्य त्यात नाही. मी हे पूर्वी एकदा एका वाचकासाठी शोधलेलं आहे, इंग्रजीत, आणि शब्द बदलून बदलून.

घाटमाथा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला आज देता येणार नाही, विचार करून देतो. प्रश्न चांगला आहे.

कणकवलीकर

जुनी पानं सरांनी १०० खंड सांगितले, पण एवढं लांब जायची पण गरज नाही हो. घरातलं 'सत्याचे प्रयोग' काढा. आमच्याकडे त्याला वेगळा मान, कारण मराठी अनुवाद आमच्या आप्पा पटवर्धनांचा, ज्यांनी इथे कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. माझ्या आजोबांची प्रत आहे, पानं पिवळी पडून कोपरे मोडायला लागलेत, पण अक्षर अक्षर वाचता येतं.

त्यात गांधीजींनी स्वतःच्या लाजाळूपणावर एक प्रकरण लिहिलंय. विलायतेतल्या त्या दिवसांत त्यांना चारचौघांत बोलताच येत नसे. व्हेंटनर नावाच्या गावी शाकाहारावर बोलायचं होतं, म्हणून भाषण लिहून नेलं, फुलस्केपचा जेमतेम एक कागद. उभे राहिले तर डोळ्यापुढे अंधारी आली, हात कापायला लागले, शेवटी बरोबरच्या मजमुदारांनी तो कागद वाचून दाखवला. आणि निघायच्या आधी लंडनला होबर्नच्या हॉटेलात शाकाहारी मित्रांना निरोपाचं जेवण दिलं, तिथे चार वाक्यं ठरवून नेलेली, पैकी पहिलं वाक्य कसंबसं झालं, आमंत्रणाला मान दिलात आभारी आहे, आणि खाली बसले. हा १८९१ चा माणूस. १८९० ला तो आफ्रिकेत व्यापाऱ्यांपुढे असलं ठसठशीत पाच वाक्यांचं भाषण कुठून देणार.

पण आता पुढचं ऐका, कारण मला वाटतं गोष्ट इथे आहे. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण त्यांनी कुठे दिलं? प्रिटोरियाला, १८९३ मध्ये, आणि व्यापाऱ्यांपुढेच! शेठ हाजी महंमद हाजी जुसब यांच्या घरी सभा होती, बहुतेक मेमण व्यापारी, थोडेफार हिंदू. विषय काय, तर धंद्यात खरं बोलणं. धंदा आणि सत्य एकत्र नांदत नाहीत असं व्यापारी म्हणत असत, ते गांधीजींनी सरळ खोडून काढलं. आणि वर सांगितलं (शब्द माझे, अर्थ त्यांचा) की परदेशात तुमची जबाबदारी दुप्पट, कारण तुम्हा मूठभरांच्या वागण्यावरून इथले लोक आपल्या कोट्यवधी माणसांची पारख करणार.

म्हणजे व्यापाऱ्यांना उपदेश खरा, आफ्रिका खरी. फक्त गिऱ्हाईक किती मोठं हे ते बोलले नाहीत, तुम्ही खोटं बोलू नका हे बोलले. दोन्हीत फार अंतर आहे. पहिलं भिंतीवर लावायला सोपं.

वडाचीसावली

कणकवलीकर, आत्ता उठून कपाट उघडलं. आमच्याकडे पण आहे, वडिलांनी खादी भांडारातून आणलेली प्रत, मी शाळेत असताना वाचलेली म्हणजे वाचल्यासारखी केलेली. प्रिटोरियाचं पान काढून मोठ्यांदा वाचलं, मुलगी आणि बायको दोघी ऐकत होत्या. आयुष्यातलं पहिलं भाषण असं त्यांनी स्वतः लिहिलंय तिथे. मग त्याच्या आधी ३ वर्षं दुसरं भाषण कसं असेल, प्रश्नच मिटला.

तर मग हे पाटीवरचं कोणाचं?

मधुरा_नाशिक

सापडलं!! दोन तास बसले होते.

आधी एक मराठी शिक्षकांनी मला दाखवलेली गोष्ट सांगते, कारण खरी खूण तीच आहे. पाटीची भाषा बघा. "आमच्या आवारात येणारा अभ्यागत." असं मराठीत कोण बोलतं? दुकानात गिऱ्हाईक येतं, दारात पाहुणा येतो, अभ्यागत फक्त सरकारी नोंदवहीत येतो. गुजरातीतला माणूस गुजराती व्यापाऱ्यांशी बोलत असता तर घराक म्हणाला असता. हे वाक्य आधी इंग्रजी ऑफिसात जन्मलं आणि मग आपल्याकडे भाषांतर होऊन आलं, हे त्याच्या चालीवरूनच कळतं.

आणि तसंच निघालं. कोट इन्व्हेस्टिगेटर नावाची एक साईट आहे, तिथे फक्त हेच काम चालतं, कुठलं वाक्य पहिल्यांदा कुठे छापलं गेलं ते जुन्या अंकांमधून खणून काढायचं. त्यांना या वाक्याचा सगळ्यात जुना छापील पुरावा मिळालाय १९४१ चा, अमेरिकेतलं 'प्रिंटर्स इंक' म्हणून जाहिरात धंद्याचं नियतकालिक होतं त्यात. लिहिणारा केनेथ बी. एलियट, स्टुडबेकर कंपनीचा विक्री विभागाचा व्हाइस प्रेसिडेंट. स्टुडबेकर म्हणजे मोटारी बनवणारी कंपनी.

मोटारी विकणारा माणूस. आणि आपण त्याला चरख्यापाशी बसवलं.

निशिगंध

अरे वा, स्टुडबेकर! मी इंडियानात राहते, आमच्यापासून साउथ बेंड गाडीने दोन-अडीच तासांवर. तिथेच यांचा मूळ कारखाना. १८५२ ला दोघा भावांनी लोहारकाम आणि गाड्यांचं दुकान म्हणून सुरू केलं, घोडागाड्या, मालाच्या वॅगनी, यादवी युद्धात सैन्यालाही पुरवल्या. १९०२ ला पहिली मोटार काढली, ती पण विजेवर चालणारी. साउथ बेंडचा कारखाना १९६३ च्या डिसेंबरात बंद पडला आणि १९६६ ला कॅनडात शेवटची गाडी निघून कंपनीच्या मोटारी संपल्या. आता तिथे म्युझियम आहे, आईबाबा आले होते तेव्हा नेलं होतं. लिंकनवर गोळी झाडली त्या रात्री तो थिएटरला ज्या बग्गीतून गेला ती बग्गी तिथे ठेवलीये, बाबा तिच्यासमोर बराच वेळ नुसते उभे होते.

मधुराताई, तुम्ही सांगितलेला तो १९४१ चा उतारा मी पूर्ण वाचला. तो पाटीसारखा नाहीच मुळी. एलियट सुरुवातच अशी करतो की ग्राहक म्हणजे काय हे नेमकं सांगता येत नाही, पण तो काय नाही हे सांगता येतं, आणि तेवढं लक्षात ठेवावं. मग एकेक. तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर. तो कामातला व्यत्यय नाही, कामाचा हेतू आहे. तो धंद्याबाहेरचा कुणी परका नाही, धंद्याचा भाग आहे. इथवर आपल्या पाटीत आहे. पण चौथा मुद्दा आपल्याकडे आलाच नाही आणि मला तोच सगळ्यात आवडला. मी माझ्या परीने मराठीत करते:

"ग्राहक हा आकडा नाही. तो हाडामांसाचा माणूस आहे, त्याला त्याचे कल आहेत, पूर्वग्रह आहेत, भावना आहेत, नाडी आहे, रक्तातली रसायनं आहेत, आणि कदाचित एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरताही आहे."

आणि पाचवा, ग्राहक हा वाद घालायचा किंवा अक्कल पाजळायचा माणूस नव्हे, तो आपली गरज घेऊन आलेला माणूस आहे.

मधुरा_नाशिक

निशिगंध, जीवनसत्त्वं! म्हणजे हा मुद्दा पाटीवर राहिला असता तर १८९० हे कुणाला लिहिताच आलं नसतं. व्हिटामिन हा शब्दच कॅसिमिर फंकने १९१२ ला तयार केला. म्हणजे काळाची खूण असलेलं तेवढंच वाक्य वाटेत गळून पडलं आणि कुठल्याही काळात बसतील अशी गुळगुळीत वाक्यं उरली. मग कोणाचंही नाव लावायला मोकळे.

वडाचीसावली

मंडळी तुमचे उपकार कसे मानू. तीन दिवसांत एवढं! झालं तर मग, आहे तोच मजकूर ठेवतो आणि खाली केनेथ बी. एलियट, १९४१ असं टाकायला सांगतो. पेंटरला उद्या सकाळी निरोप देतो.

जुनी_पानं

थांबा थांबा, निरोप देऊ नका. आपण एक चूक काढून दुसरी करायला निघालोय.

तुमच्या पाटीत पाच वाक्यं आहेत. एलियटच्या उताऱ्यात त्यातली मधली तीन आहेत. पहिलं, तो सर्वात महत्त्वाचा अभ्यागत वगैरे, त्यात नाही. शेवटचं, तोच आमच्यावर उपकार करतो, तेही नाही. ही दोन वाक्यं पुढे या मजकुराला अमेरिकेतल्या ऑफिसांच्या भिंतींवर चिकटत गेली. मेन राज्यात एल. एल. बीन म्हणून कपड्या-बुटांचं जुनं दुकान आहे, टपालाने माल पाठवण्यासाठी प्रसिद्ध, त्यांच्या 'ग्राहक म्हणजे काय' या पोस्टरमध्ये हे उपकाराचं वाक्य आहे, महत्त्वाच्या व्यक्तीचंही आहे. अशा मजकुराला प्रत्येक ऑफिसातला कुणीतरी एक ओळ जोडतो, एक खोडतो, टाइप करून पुढे देतो. त्या जोडणाऱ्यांची नावं नाहीत. मग पाचही वाक्यं एलियटच्या नावावर घातली तर तेही खोटंच.

आणि एलियटबद्दलसुद्धा मी 'त्याचं वाक्य' म्हणताना 'आजवर सापडलेला सर्वात जुना छापील पुरावा त्याचा' असंच म्हणेन. मोटार विक्रेत्यांच्या बैठकीत हे आधी कुणी बोललंही असेल. पण छापील कागद त्याच्या नावाचा आहे, आणि आपल्या हातात तेवढं आहे, ते लिहायला हरकत नाही.

वर्धेकर

मी आतापर्यंत फक्त वाचत होतो. आमचं गाव सेवाग्रामपासून सायकलच्या अंतरावर आहे, लहानपणी दर २ ऑक्टोबरला बापू कुटीसमोर सूत कातायला शाळेतून नेत. मला एका गोष्टीची काळजी वाटते म्हणून लिहितो. आजकाल गांधीजींचं नाव कुठून काढलं की त्याचा अर्थ लोक भलताच घेतात. तुमच्या गावात उद्या कुणी म्हणेल की पतसंस्थेने गांधी काढून गोरा साहेब लावला, तेव्हा प्रत्येकाला १९४१ चा अंक दाखवत बसणार का? चुकीचं का असेना, पण त्या पाटीमुळे एखाद्या बँकेत, एखाद्या दुकानात त्यांचं नाव आज डोळ्यापुढे राहतंय. मला ते उतरवताना त्रास होईल. हे मी अगदी मनातलं बोललो.

कणकवलीकर

वर्धेकर, तुमचा त्रास मला कळतो, आमच्या घरात पण आजोबांच्या फोटोशेजारी गांधीजींचाच फोटो आहे. पण बघा ना, त्यांच्या पुस्तकाचं नावच सत्याचे प्रयोग. लाज वाटली, हात कापले, पहिल्या वाक्याला खाली बसलो, हे त्या माणसाने स्वतः लिहून ठेवलं, कुणी विचारलेलं पण नसताना. जे आपलं नाही ते त्याने आपल्या नावावर खपवून घेतलं असतं का? आणि नाव राहायला हवंच असेल तर प्रिटोरियाचं लावा. ते खरं त्यांचं आहे, तारीख सांगता येते, घर कुणाचं ते सांगता येतं.

वर्धेकर

प्रिटोरियाचं मला माहीत नव्हतं. कबूल करतो. ते प्रकरण आज वाचतो.

घाटमाथा

मला एक व्यवहाराचं बोलू द्या. एलियट कोण हे तुमच्या गावात कुणालाच माहीत नाही, चेअरमन म्हणतील हा कोण बुवा. सरळ खाली कुणाचंच नाव नको. वाक्य लावा, नाव सोडा.

जुनी_पानं

घाटमाथा, तुम्हाला उत्तर द्यायचं राहिलं होतं, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, की काय फरक पडतो.

एक उदाहरण देतो, मोटारीपेक्षा मोठं. 'सरफरोशी की तमन्ना' आपण सगळे रामप्रसाद बिस्मिल यांची म्हणून म्हणतो. त्यांनी ती ओठांवर घेतली, काकोरीच्या खटल्यातल्या तरुणांनी ती गाऊन अमर केली, १९२७ च्या डिसेंबरात ते गोरखपूरला फासावर गेले, ते सगळं खरं आणि त्याला कुणी हात लावत नाही. पण ती गझल लिहिली पाटण्याच्या बिस्मिल अझीमाबादी यांनी. अझीमाबाद म्हणजे पाटण्याचंच जुनं नाव. टोपणनाव तेच, त्यामुळे एकाचं दुसऱ्याच्या खात्यात गेलं. अझीमाबादी १९७८ पर्यंत जगले, म्हणजे अख्खा देश आपली गझल दुसऱ्याची म्हणून गातोय हे त्यांनी ५० वर्षं ऐकलं. मला नेहमी तो माणूस डोळ्यापुढे येतो, घरात बसलेला, रेडिओवर आपले शब्द ऐकणारा.

नाव सोडलं तरी वाक्य राहतं हे बरोबर. पण आपण नाव शोधलं म्हणून तर ते चौथं वाक्य सापडलं ना. गांधीजींच्या नावापाशी थांबलो असतो तर जीवनसत्त्वं कधी कळलीच नसती.

घाटमाथा

हे पटलं सर. मागे घेतो.

वडाचीसावली

चार दिवस लिहायला जमलं नाही, मार्चअखेरची गडबड आहे. आता सांगतो.

जुनी पानं सरांचं चौथ्या वाक्याचं वाचलं आणि मला झोप लागली नाही, त्याचं कारण वेगळं आहे. आमच्याकडे एक आजी येतात, सत्तरी उलटलेल्या, नवरा गेला त्याच्या पैशाची मुदत ठेव ठेवलीये, दर तीन महिन्यांनी व्याज न्यायला येतात. त्यांचा हात थरथरतो. सही करताना आधी पेन कागदावर टेकवून थांबतात, मग एकेक अक्षर काढतात, 'ल' ची वेलांटी दर वेळी वेगळीकडे जाते. नमुना सहीशी जुळत नाही. मागच्या खेपेला मीच त्यांना तीनदा स्लिप परत दिली. नियम आहे, ऑडिटला लागतं, सगळं खरं. पण मी मान वर करून त्यांच्या हाताकडे बघितलं नाही, कार्डावरच्या सहीकडे बघत होतो. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, बाळ अंगठा चालेल का. ज्यांना नवऱ्याने लग्नानंतर सही शिकवली असं त्या अभिमानाने सांगतात, त्यांनी अंगठा विचारला.

त्या वेळी माझ्या डोक्यावर जुन्या शाखेतली गांधीजींच्या नावाची पाटी होतीच. १९ वर्षं तिच्याखाली बसतोय.

तर परवा मिटिंगमध्ये मी विषय काढला. चेअरमन साहेब आधी नाराज झाले, एलियट कोण, आपल्या गावात कोण ओळखतं, अगदी घाटमाथा म्हणाले तेच शब्द. एका संचालकांनी वर्धेकरांचा मुद्दा काढला, गांधी काढले म्हणतील. मी सोबत 'सत्याचे प्रयोग' नेलं होतं, वडिलांची प्रत. प्रिटोरियाचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं साहेब तुम्हीच वाचा. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, सभेत कुणी बोललं नाही तेवढा वेळ. मग म्हणाले हे तर आपल्यालाच सांगितलंय. ते सोन्याचांदीच्या दुकानातले आहेत, पिढीजात.

मग असं ठरलं. पाट्या दोन. काउंटरच्या मागे, ग्राहकांना दिसेल तिथे, एलियटची, फक्त त्याचीच वाक्यं, अभ्यागत नाही आणि उपकार नाही. आणि आतल्या बाजूला, जिथे फक्त आम्ही कर्मचारी आणि संचालक बसतो तिथे प्रिटोरिया, १८९३, धंद्यात सत्य पाळता येतं, असं त्यांच्या भाषणाचं सार, अवतरण चिन्ह न टाकता. अवतरण चिन्ह न टाकायचं माझ्या मुलीने सुचवलं, शब्द जसेच्या तसे आपल्याकडे नाहीत म्हणून.

निशिगंधताई, तुमचं मराठी वापरायची परवानगी हवी आहे. "जीवनसत्त्वाची कमतरता" वर एक संचालक अडून बसले होते, पतसंस्थेच्या भिंतीवर जीवनसत्त्वं कशाला म्हणून, पण चेअरमन म्हणाले राहू दे, तेवढं एकच वाक्य असं आहे की लिहिणाऱ्याने खरंच माणूस बघितला होता असं वाटतं.

निशिगंध

परवानगी कसली दादा, घ्या ना. 'रक्तातली रसायनं' जरा जड वाटत असेल तर 'रक्ताची तऱ्हा' करा. आणि पाटीचा फोटो नक्की टाका, बाबांना दाखवायचाय.

जुनी_पानं

अवतरण चिन्ह न टाकणारी मुलगी. तिला माझा आशीर्वाद सांगा.

मधुरा_नाशिक

मी यंदा फळ्यावर पाचही मुद्दे लिहिणार, नावासकट आणि सालासकट, आणि जुनं गांधीजींच्या नावाचं पण शेजारी लिहून मुलांना विचारणार की यातलं काय बसत नाही. १८९० मुलांना सापडेल. आवार आणि अभ्यागत सापडतं का ते बघायचंय.

वडाचीसावली

पाटी लागली. फोटो टाकायला जमत नाहीये, चढत नाही, म्हणून लिहूनच सांगतो. पांढऱ्यावर निळी अक्षरं, सर्वात वर 'ग्राहक हा आकडा नाही. तो हाडामांसाचा माणूस आहे' हे मोठं घेतलं. जुनी पानं सर, क्रम बदललाय हे कबूल, मूळात ते चौथं आहे, म्हणून आकडे टाकले नाहीत. खाली छोट्या अक्षरात केनेथ बी. एलियट, स्टुडबेकर मोटार कंपनी, अमेरिका, १९४१. पेंटरने आधी 'स्टडबेकर' काढलं होतं, मग उकार घातला, जवळून बघितलं तर तेवढ्याच उकाराचा निळा थोडा ओला वाटतो.

आजी सोमवारी आल्या होत्या व्याजाला. मी आधीच मॅनेजर साहेबांना सांगून त्यांची नवीन नमुना सही घ्यायचा फॉर्म काढून ठेवला होता. काउंटरच्या आत बोलावून खुर्चीवर बसवलं, पॅड दिलं, म्हटलं हवा तेवढा वेळ घ्या. सव्वा चार मिनिटं लागली, घड्याळ समोरच आहे. आता कार्डावर पण तो 'ल' तसाच आहे, वेलांटी डावीकडे गेलेली.